आतडं टाक्यांनी जोडलेलं बरं की स्टेपलरने? आणि पिशवी टाळता येईल का?

वडिलांच्या गुदाशयाचा गाठ असलेला भाग काढायचाय आणि घरात स्टेपलर की टाके यावर वाद चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. मी पोटाचा सर्जन आहे. हा निर्णय सर्जनवर सोडा. गुदद्वाराजवळच्या खोल जागेत हात नीट पोचत नाही, म्हणून तिथे बहुतेकदा गोल स्टेपलर, म्हणजे पिना मारून आतडं जोडणारं यंत्र, वापरतात. वर, पोटात, हाताचे टाकेही तितकेच चांगले धरतात.

जोड टिकतो तो रक्तपुरवठ्यावर. कापलेल्या कडेतून ताजं लाल रक्त यायला हवं आणि दोन्ही टोकं न ओढता एकमेकांपर्यंत यायला हवीत. ताण राहिला तर कितीही सुबक टाके घातले तरी उपयोग नाही. टाका धरून ठेवतो तो आतड्याच्या भिंतीतला सबम्युकोसा हा थर. अमेरिकन सर्जन हॅल्स्टेड यांनी 1887 मध्येच ते दाखवून दिलं होतं.

तुम्हाला धास्ती आहे ती जोड गळण्याची, म्हणजे लीकची. पहिले तीन-चार दिवस कडांमधलं जुनं कोलॅजन (भिंतीला बळकटी देणारं प्रथिन) विरघळत असतं आणि नवं पुरेसं तयार झालेलं नसतं. त्या काळात जोड फक्त टाक्यांच्या किंवा पिनांच्या भरवशावर असतो. म्हणूनच लीक बरेचदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास कळतं, नेमकं घरी जायच्या गोष्टी सुरू झाल्यावर. माझ्या एका रुग्णाला ना ताप होता, ना फारसं पोट दुखत होतं. ड्रेनमधलं, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पाणीही स्वच्छ. फक्त नाडी दोन दिवस एकशेदहाच्या खाली येईना आणि त्यांना उगाच अस्वस्थ वाटत होतं. मी एक दिवस थांबलो. थांबायला नको होतं. सीटी स्कॅनमध्ये लीक दिसलं, पुन्हा पोट उघडावं लागलं. ते वाचले, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो: नाडी सतत शंभराच्या वर असेल, पोट फुगत असेल, उचक्या लागल्या असतील, तर राउंडची वाट न बघता सिस्टरना सांगा.

आता पिशवी. जोड जितका खाली, तितका लीकचा धोका जास्त. लहान आतड्याचा भाग काही काळ पोटावर बाहेर काढला, की मळ तिथे लावलेल्या पिशवीत जमतो, जोडावरून जात नाही. त्याने लीक होणारच नाही असं नाही, पण झालं तरी पोटात घाण पसरून जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी होते. जोड भरल्याची खात्री झाली की पोटावरचं ते तोंड बंद करतात आणि पिशवी जाते. बहुधा दोन-तीन महिन्यांनी, केमो असेल तर उशिरा. वडिलांना हे ऑपरेशनच्या आधीच सांगा. शुद्धीवर आल्यावर पिशवी दिसली की माणूस खचतो, मी पाहिलंय.

तोपर्यंत विडी-सिगारेट आजच बंद करा. जेवण कमी झालं असेल, वजन उतरलं असेल, तर आहारतज्ज्ञांकडून प्रथिनांचं बघून घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना सांगा, स्वतःहून मात्र थांबवू नका. पिशवी लागलीच, तर दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाऊ लागल्यास फोन करा. नुसतं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या.