आइसलँडच्या ब्लू लगून या गरम पाण्याच्या तळ्याचं पाणी इतकं निळं कशामुळे? रंग टाकतात का?

नाही हो, रंगाचा थेंबही टाकत नाहीत. ही किमया सिलिकाच्या (वाळूत असतं तेच खनिज) नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची. शेजारचं स्वार्त्सेंगी भू-औष्णिक केंद्र (जमिनीतल्या उष्णतेपासून वीज बनवणारं) १९७० च्या दशकापासून जमिनीखालचं २०० अंश सेल्सिअसहून गरम, खारट पाणी वर आणतं; वापरून झालं की ते या तळ्यात येतं. एवढ्या उष्णतेत खडकातली सिलिका भरपूर विरघळते. पाणी निवलं की ती त्यात मावत नाही, तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते तळाला न बसता तरंगत राहतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. तेच पाणी पेल्यात घेतलं तर पांढुरकं दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं! कण एकमेकांना चिकटून जड झाले की खाली बसतात. लोक तोंडाला फासतात तो पांढरा चिखल हाच. केंद्राच्या पाइपांत मात्र हीच सिलिका दगडासारखी थर धरते.