ट्रॅक्टरमध्ये बायोडिझेल वापरावे का? : शेतकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : आमच्याकडे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व विहिरीवर जुने डिझेल इंजिन आहे. बायोडिझेल वापरल्यास ताकद कमी पडते का, धूर खरोखर कमी होतो का, आणि घाण्यावरचे करंजतेल थेट टाकीत ओतले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. करंजाचे कच्चे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. ते डिझेलपेक्षा दहा पटींहून अधिक दाट असल्याने नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, अर्धवट जळलेल्या तेलाचा कार्बन नोझलच्या टोकावर साचतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात. याच तेलावर मिथेनॉल व कॉस्टिकसारख्या उत्प्रेरकाची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले, की जे पातळ इंधन उरते ते बायोडिझेल. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. ही प्रक्रिया कृपया घरी करू नये.

ताकदीबाबत सांगायचे तर, लिटरमागे बायोडिझेलमधील ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे ८ ते ९ टक्के कमी असते. मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी किती भाग कामी येतो, ही इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता दोन्ही इंधनांवर जवळपास सारखीच राहते. म्हणून फरक दिसतो तो मुख्यतः खपात. नांगरटीला तासाला ५ लिटर डिझेल लागत असेल, तर २० टक्के मिश्रणावर, म्हणजे बी-२० वर, साधारण १०० मिलिलिटर जास्त लागेल. दर ठरवताना हा हिशेब अवश्य करावा.

धूर कमी होतो, हे खरे आहे. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अवजड वाहनांच्या इंजिनांवरील चाचण्यांचे जे विश्लेषण केले, त्यात बी-२० मुळे सूक्ष्म कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी घटले, तर नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे २ टक्क्यांनी वाढली. हे आकडे प्रामुख्याने सोयाबीन तेलाच्या बायोडिझेलचे आहेत. करंजाच्या बाबतीत, आणि आपल्या जुन्या इंजिनावर, ते जसेच्या तसे लागू होतील असे मानू नये. तरीही दिवसभर सायलेन्सरच्या धुरात बसणाऱ्या चालकाच्या छातीसाठी काजळीतली ही घट मला मोलाची वाटते.

आता खरी काळजी घ्यायची ती फिल्टरची. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा फिल्टर बायोडिझेल सुरू केल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात उघडला, तेव्हा कागदाच्या घड्यांत बोटाला चिकटणारा काळा राप भरला होता, आणि चढावर ट्रॅक्टर बंद पडण्याचे कारण तेवढेच होते. त्यामुळे आधी टाकी धुऊन घ्यावी, पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा आणि जुन्या रबरी नळ्या फुगल्या किंवा पाझरू लागल्या आहेत का, हे रोज पाहावे.

वॉरंटीतील ट्रॅक्टरला पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मिश्रण वापरू नये. खरेदी करताना आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाचा चाचणी अहवाल मागावा. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच तेल मिळण्याचा धोका असतो. थोडे इंधन काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी पाणी किंवा गढूळ थर दिसल्यास ते परत करावे. चांगले बायोडिझेलही हवेतील ओलावा शोषते व काही महिन्यांत खराब होते, म्हणून हंगामापुरतेच घ्यावे आणि ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहणार असेल तर टाकीत शेवटी साधे डिझेल भरून, इंजिन थोडा वेळ चालवून मगच बंद करावे.