भाषणाला उभं राहिलं की हात थरथरतात, आवाज कापतो. काय करावं?
ही थरथर भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनमुळे होते. ती दाबायला गेलात तर स्नायू आणखी आवळतात आणि कंप वाढतो. पुण्यात टिळक स्मारक मंदिरासारख्या सभागृहात बोलायचं असेल तर हातात सुटा कागद नकोच. तो बोटांची थरथर मोठी करून दाखवतो. मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर लिहा. विंगेत ४ सेकंद श्वास आत, ६ ते ८ सेकंद बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. गुडघे ताठ धरू नका. पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठच हवीत, आवाज बहुतेकदा तिथेच फाटतो. आधी चहा टाळा, पाणी प्या. प्रोप्रॅनोलॉल (धडधड आणि थरथर कमी करणारं औषध) मित्राच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नका: दमा असेल तर धोका आहे, डॉक्टरांनाच विचारा.