प्रोव्हान्समधलं रिनोव्हेटेड घर घ्यायचं का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, आम्ही दोघं १३ वर्षं म्युनिकला आहोत. गेल्या जूनमध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्सला फिरायला गेलो आणि बोनियू गावाजवळ एक घर बघून आलो, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. जुना दगडी मास, पूर्ण रिनोव्हेट केलेला, ४ बेडरूम, पूल, मागे ऑलिव्हची झाडं, किचन तर असं की हे म्हणाले आता रविवारचे पोहे इथेच. ९ लाख ८० हजार युरो सांगतायत. एजंट म्हणतो वर्षाला ३०० दिवस ऊन आणि सगळं नवीन केलंय, १० वर्षं बघायला नको. आम्ही जवळजवळ हो म्हणूनच टाकलंय. सासूबाई म्हणतात एवढ्यात पुण्यात अख्खा मजला येईल. काय बघायचं राहिलंय का आमचं?

उत्तर: तोंडी हो म्हणाला असाल तर काही बिघडलेलं नाही. तिकडे खरेदीच्या पहिल्या करारावर, ज्याला कोंप्रोमी म्हणतात, त्यावर सही झाल्यावरसुद्धा घेणाऱ्याला १० दिवस मिळतात, त्यात कारण न सांगता मागे फिरता येतं. तेव्हा आधी निवांत चहा घ्या.

३०० दिवस ऊन हे तिकडच्या प्रत्येक जाहिरातीत असतं, आपला सोलापूरकर वाचून म्हणेल, बरं मग? पण तिथल्या जुन्या शेतकऱ्याने मास बांधला (मास म्हणजे महिना नव्हे हो, दगडी शेतघर) तो उन्हासाठी जेवढा, तेवढाच वाऱ्यापासून वाचायला. मिस्त्राल म्हणून वारा आहे, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो, थंड, कोरडा, जोर धरला की ताशी १०० किमीच्या वर जातो आणि एकदा सुरू झाला की कितीतरी दिवस डोकं उठवतो. म्हणून जुन्या मासची उत्तरेची भिंत जाड आणि जवळजवळ सलग असते, खिडकी असलीच तर ताटाएवढी, आणि बाहेर सायप्रसच्या उंच झाडांची रांग. दारं-खिडक्या सगळ्या दक्षिणेला, अंगणात एखादं मोठं पानगळीचं झाड, उन्हाळ्यात सावली आणि थंडीत पानं झडली की ऊन थेट घरात. आता गोची अशी की बोनियूहून मों व्हांतू दिसतो, १९०० मीटरच्या वरचा डोंगर, तो नेमका उत्तरेला. रिनोव्हेशन करणाऱ्याला व्ह्यू विकायचा असतो, मग तो तीच भिंत फोडून खालपासून वरपर्यंत काच लावतो. फोटोत काय दिसतं म्हणून सांगू! तुमच्याकडे काच कुठल्या बाजूला होती ते आठवून बघा, आणि डीपीई रिपोर्ट मागा. ए ते जी अशी एनर्जीची ग्रेड असते त्यात आणि विकणाऱ्याला तो द्यावाच लागतो.

दुसरं, भिंती. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हात पोळलेत. आमचं पण तिकडे छोटंसं घर आहे, तुमच्यासारखंच "सगळं केलेलं" म्हणून घेतलेलं. मे महिन्यात बघितलं, भिंती पांढऱ्याशुभ्र, वास नाही, काही नाही. प्रोव्हान्सला पाऊस कमी पण शरदात येतो तो आपल्या वळवासारखा एकदम कोसळतो. त्या पहिल्या नोव्हेंबरमध्ये मी पाहुण्यांच्या खोलीतला पलंग झाडायला पुढे ओढला, तर मागे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंग फुगलेला, अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत, चहात बुडवलेली खारी दाबावी तसा. प्लास्टरबोर्ड होता. तो काढल्यावर मागे दगडी भिंत, तिला सिमेंटचा गिलावा आणि त्याच्यावर लोणा, बोटाने खरवडलं की पांढरी पूड खाली. गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने नुसतं बघून मान हलवली. जुनी दगडी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते, तिला सिमेंट फासलं की ओल आतच अडकते आणि वर चढते. आपल्याकडे वाड्यांना सिमेंट लावून लोकांनी जे करून घेतलं तेच हो! सगळं सिमेंट काढून चुना केला, पण वाळायला वर्षाच्या वर गेलं आणि खर्चाचं विचारूच नका. तेव्हा परत जाल तेव्हा भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर विचारा आत काय आहे, आणि लाजू नका, कपाटं सरकवा. तिथल्या काही जमिनी चिकणमातीच्या आहेत, कडक उन्हाळ्यात आकसतात आणि पावसात फुगतात, त्याने भिंतीला जिन्यासारखी तिरकी चीर जाते, ती नव्या रंगाखाली आहे का तेही बघा.

एजंटच्या तोंडी १० वर्षं आलंय ते बहुतेक देसेनालवरून. फ्रान्समध्ये मोठं बांधकाम करणाऱ्या कंत्राटदारावर १० वर्षं जबाबदारी असते, त्याचा विमा त्याने घ्यायलाच लागतो आणि घर विकलं तरी ती हमी नव्या मालकाकडे येते. पण ही १० वर्षं काम ताब्यात घेतलं त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही! छपराचं काम आठ वर्षांपूर्वीचं असेल तर उरली दोन. म्हणून प्रत्येक कामाचं बिल आणि त्या वर्षीचं विम्याचं सर्टिफिकेट मागा, छप्पर, प्लंबिंग, पूल, सगळ्याचं वेगळं. मालक म्हणाला मीच हौसेने केलं तर कायद्याने तोही १० वर्षं बांधील आहे, पण एका माणसाकडून पैसे वसूल करायला कोर्टात फिरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. "पूर्ण रिनोव्हेट" या दोन शब्दांचेच तर जास्तीचे पैसे देताय, मग त्याची फाइल नको का?

पूल आणि वाढीव बांधकामाची परवानगी, काम संपल्याचं जाहीर केल्याचा कागद, हे नोतेरला बघायला सांगा. हो, नोतेर हा सरकारने नेमलेला अधिकारी, त्याची फी आणि सरकारी कर मिळून जुन्या घराला साधारण ७ ते ८ टक्के, म्हणजे तुमच्या किंमतीवर ७० हजारांच्या आसपास किंवा वर, आणि हे घेणाऱ्यानेच भरायचे. गावाबाहेरच्या घराला बहुतेक ड्रेनेज लाइन नसते, सेप्टिक टँक असते, तिचा तपासणी रिपोर्ट ३ वर्षांच्या आतला पाहिजे. त्यात नापास असेल आणि तरी घेतलंत तर एका वर्षात तुम्हीच नीट करायची, तेव्हा तेवढे पैसे किंमतीतून आधीच कापून घ्या. आणि जंगल २०० मीटरच्या आत असेल तर घराभोवती ५० मीटरपर्यंतचं गवत-झुडूप दरवर्षी साफ करणं मालकावर बंधनकारक आहे, आगीमुळे. म्युनिकहून येऊन कोण करणार ते ठरवा.

जूनमध्ये तिथलं कुठलंही घर आवडतं हो. एकदा फेब्रुवारीत जा, मिस्त्राल सुटलेला असताना दोन तास आत बसा, आणि हीटिंग एजंटला मुद्दाम लावू देऊ नका.

प्रश्न: आम्ही नाशिकला असतो, मुलगा लियोंला नोकरी करतो. रिटायरमेंटचे पैसे घालून त्या बाजूला असंच घर घेतलं तर तिथे राहायचा व्हिसा मिळतो का?

उत्तर: घर घेतलं म्हणून नाही मिळत. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाचा नियम तोच, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. त्याहून जास्त राहायचं तर लाँग स्टे व्हिसा वेगळा काढायचा, घर असल्याने राहण्याचा पत्ता दाखवायला सोपं जातं, तेवढंच. पैसे पाठवायचे ते एलआरएसमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, नवरा-बायको मिळून दुप्पट. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण मधले काही महिने अडकतो, त्याची तजवीज ठेवा. आणि तुम्ही इथले रहिवासी म्हणून ते घर दरवर्षी रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवायचं, विसरलात तर दंड मोठा आहे. तिकडचा राहत्या घरावरचा कर २०२३ पासून गेला पण सेकंड होमवर अजून आहेच, आणि मालकाचा प्रॉपर्टी टॅक्स वेगळा. मुलाच्या नावाने घ्यावं का हे मात्र नोतेरसमोर बसून ठरवा, तिकडे वारसांचा वाटा कायद्याने राखलेला असतो.

प्रश्न: पूलभोवती कुंपण घातलं तर सगळा लूक जातो. चालवून घेतात का?

उत्तर: नाही. २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खाजगी पूलला सुरक्षेची सोय लागतेच, दंड ४५ हजार युरोपर्यंत. पण कुंपणच पाहिजे असं नाही, अलार्म, कव्हर किंवा वरून शेड यातलं एक मानकाप्रमाणे चालतं. घरात लहान मुलं असतील तर मी तरी अलार्मवर थांबणार नाही, तो पोर पाण्यात पडल्यावर वाजतो.