खापरपणजोबांचे गाव आणि डीएनए चाचणी

प्रश्न : माझ्या वडिलांच्या वडिलांचे आजोबा एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर म्हणून मॉरिशसला आले. कोकणातील त्यांच्या वंशजांचा शोध घेण्यासाठी कोणत्या कंपनीची डीएनए चाचणी निवडावी? – एक वाचक, मॉरिशस

उत्तर : चाचणीवर खर्च करण्यापूर्वी मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागाराकडे चौकशी करा, असा माझा आग्रह आहे, तेथील स्थलांतरितांच्या नोंदींत मजुराचा क्रमांक, वडिलांचे नाव आणि मूळ गाव अनेकदा सापडते, तर डीएनए चाचणी गावाचे नाव सांगू शकत नाही.

खापरपणजोबांकडून आपल्याला सरासरी 6.25 टक्केच डीएनए मिळतो. अॅन्सेस्ट्री या चाचणी कंपनीचा डीएनए-संग्रह सर्वांत मोठा असला, तरी त्यात अमेरिकी व युरोपीय वंशाचे ग्राहक अधिक आहेत, आणि कोकणातील भाऊबंदांपैकी कोणी चाचणी केलेलीच नसेल तर जुळणी दिसणार नाही. तुमची वंशरेषा पित्याकडून पुत्राकडे अखंड येत असल्याने फॅमिलीट्रीडीएनए या कंपनीची, पित्याकडून केवळ पुत्राकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्राची चाचणी मला अधिक योग्य वाटते. संभाव्य मूळ गावातील त्याच आडनावाच्या पुरुषाने स्वेच्छेने तीच चाचणी केली, तर तुलना खरोखर उपयोगी ठरेल. सर्व पूर्वजांकडून आलेला डीएनए तपासणाऱ्या सर्वसाधारण चाचणीत मात्र, पिढ्यान्‌पिढ्या जातीतच विवाह झालेल्या समाजात दूरचे नातेही जवळचे भासते, हे ध्यानात ठेवा.

नमुना व माहिती नष्ट करून घेण्याची सोय आधीच तपासा. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीने मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो ग्राहकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.