सेडान गाडीची उंची कमी करण्यापूर्वी

तुमच्या स्कोडा ऑक्टाव्हिया गाडीची चाके व मडगार्ड यांमधील मोकळी जागा तुम्हाला खटकते, हे मी समजू शकतो. तथापि छायाचित्रे पाहून गाडी ४० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मागवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात, आणि गाव लागताच येणारे गतिरोधक तर अनेकदा न रंगवलेलेच असतात.

आपल्याकडे गाडी १५ ते २५ मिलिमीटर खाली आणणे पुरेसे आहे. गाडी खाली आली की शॉक ॲब्सॉर्बरला दबण्यासाठी उरलेले अंतर कमी होते; ते संपले की बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यावर, आदळून जो धक्का बसतो, त्यालाच लोक स्प्रिंगचा कडकपणा समजतात. म्हणून प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, म्हणजे दबत जाईल तशी अधिक कडक होणारी, निवडावी. लहान खड्ड्यांवर ती मऊ राहते आणि मागे माणसे व सामान असतानाही गाडीला सावरते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर झिजलेले असतील, तर ते त्याच वेळी बदलावेत. मूळ स्प्रिंगच कापून देण्याचा स्वस्त पर्याय कोणी सुचवला, तर तो ठामपणे नाकारावा, कारण कापलेले टोक स्प्रिंग टेकण्याच्या जागेत नीट बसत नाही.

बसवल्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, अवश्य करावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयी आहे; त्याबाबत आरटीओ कार्यालयात आधीच विचारणा करावी.