'नास्तिक', 'नरक' आणि 'धार्मिक नीती' : एका गोषवाऱ्यातील शब्दांविषयी

ख्रिस्ती श्रद्धेवर आणि धर्माने सांगितलेल्या नीतीवर ईश्वर न मानणाऱ्यांनी जे आक्षेप घेतले, त्यांचा मराठी गोषवारा नागपुरातील एका वाचक-मंडळात वाचला जायचा आहे. त्यात टीकाकाराला 'नास्तिक' म्हणावे की 'निरीश्वरवादी', तसेच "नास्तिक माणूस धर्म मानत नाही, म्हणून त्याला धार्मिक नीती अमान्य असते" हे वाक्य निर्दोष आहे का, अशी पृच्छा आहे. 'नास्तिकता' की 'नास्तिक्य', हा त्यातलाच उपप्रश्न.

'नास्तिक' हा शब्द आज बोलण्यात 'देव न मानणारा' या अर्थाने रूढ आहे आणि त्या अर्थाने तो वापरण्यात काहीही वावगे नाही. अडचण त्याच्या जुन्या अर्थांची आहे. पाणिनीच्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०) या सूत्राने तो शब्द सिद्ध होतो, आणि टीकाकारांनी तेथे 'परलोक नाही असे ज्याचे मत आहे तो' असा अर्थ घेतला आहे, ईश्वराचा तेथे उल्लेख नाही. मनुस्मृतीत (२.११) तर 'नास्तिको वेदनिन्दकः' असे स्पष्टच म्हटले आहे. म्हणून जगत्कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक परंपरेने आस्तिक ठरले, आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिक ठरले. हीच मोजपट्टी आपल्या गोषवाऱ्याला लावली, तर परलोकाच्या कसोटीवर पाद्री आस्तिक ठरतो, वेदांच्या कसोटीवर तो नास्तिक ठरतो, आणि त्याच्याशी वाद घालणारा दोन्हीकडे नास्तिकच राहतो. वाचक इतका खोलात जाणार नाही हे खरे; पण आस्तिक-नास्तिक दर्शनांची थोडी ओळख असलेला एखादा श्रोता मंडळात असतोच, आणि नागपुरात तर असतोच असतो.

गंमत अशी की ग्रीक 'अथेऑस' (देव न मानणारा) या शब्दाचेही असेच झाले होते. रोमन साम्राज्यात नगरदेवतांना बळी न देणाऱ्या ख्रिस्ती लोकांनाच 'अथेऑस' म्हणत. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला "या देव न मानणाऱ्यांचा नाश होवो" असे म्हणण्यास सांगितले गेले, तेव्हा त्याने प्रेक्षकांतील मूर्तिपूजकांकडे हात करून तेच शब्द उच्चारले, असे त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात आहे. दोन्ही भाषांत हा शब्द आधी 'आमच्यातला नसलेला' अशा अर्थाचा दूषणवाचक होता. तात्त्विक भूमिकेचे नाव तो पुढे झाला.

मात्र 'निरीश्वरवादी' लिहिल्याने सगळे सुटते असेही नाही. त्या शब्दाने ईश्वराविषयीचे मत कळते, धर्माविषयीचे कळत नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेथे हे वेगळे सांगायला नको. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे, आणि त्याच यादीत पुढे चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ईश्वरावाचून नीती संभवते का, हा युरोपातल्या वादाचा गाभा. दीक्षाभूमीवर वर्षानुवर्षे जाणाऱ्या श्रोत्याला तो प्रश्नच आधी थोडा चमत्कारिक वाटेल. तेव्हा माझे मत असे, की टीकाकाराची भूमिका सांगताना 'निरीश्वरवादी' लिहावे, तो स्वतःला नास्तिक म्हणवत असेल तेथे 'नास्तिक' ठेवावे, आणि धर्मसंस्थेवरचा त्याचा रोख वेगळ्या वाक्यात सांगावा.

आता ते वाक्य. त्याचा मुख्य दोष 'धर्म' या शब्दात आहे. आपण शेजारधर्म म्हणतो, धर्मादाय म्हणतो, दारात आलेला "धर्म करा" म्हणतो. कर्तव्य, दान आणि नीती हे सगळे मराठीत 'धर्म' या एका शब्दात येते. परिणामी "धर्म मानत नाही" हे वाचताच माणूस कर्तव्यच मानत नाही, असा ध्वनी उमटतो, आणि टीकाकारावर जो आरोप त्याचे विरोधक करतात तोच आपण नकळत त्याच्या तोंडी घालतो. त्यात भर म्हणजे मराठी बायबलात 'नीतिमान' आणि 'नीतिमत्त्व' हे शब्द देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरण्याच्या अर्थी येतात, त्यामुळे ख्रिस्ती श्रोत्याला 'नीती' हा शब्दही वेगळा ऐकू येईल.

टीकाकाराचा आक्षेप चोरी करू नये या नियमावर नसतो. एखादी गोष्ट देवाने सांगितली म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवाने सांगितली, हा प्लेटोच्या संवादातला जुना प्रश्न तो पुढे करतो. अब्राहामाला पुत्राचा बळी देण्याची आज्ञा होते (उत्पत्ती, अध्याय २२), किंवा मारहाणीनंतर दास एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, असा नियम येतो (निर्गम २१), तेव्हा आज्ञा आणि चांगुलपणा यांची फारकत दिसते, असे त्याचे म्हणणे असते. म्हणून वाक्य असे करावे : "नीतीला ईश्वराज्ञेचा आधार लागतो, हे निरीश्वरवाद्याला मान्य नसते." लांबले खरे, पण अर्थ सुटला नाही.

विचारलेला नसला तरी 'नरक' हा शब्द मला अधिक धोक्याचा वाटतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी ६ मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात येशूच्या नैतिक चारित्र्यातला गंभीर दोष म्हणून त्याच्या नरकावरील विश्वासाकडे बोट दाखवले. त्या आक्षेपाची धार शिक्षेच्या अनंतपणात आहे : मर्यादित अपराधाला अमर्याद यातना कशी न्याय्य ठरेल? आपल्या पुराणांतले नरक भीषण आहेत, पण भोग संपला की जीव बाहेर पडतो. नुसते 'नरक' वाचून मराठी श्रोत्याच्या मनात कढई आणि यमदूत येतील, अनंतकाळ येणार नाही, आणि एवढा संताप कशासाठी, असे त्याला वाटेल. 'अनंतकाळचा नरक' असेच प्रत्येक वेळी लिहावे; सर्व ख्रिस्ती पंथ तो एकसारखा मानत नाहीत, हेही एका वाक्यात नोंदवावे. 'पाप' शब्दाचेही तसेच. आपले पूर्वजन्मीचे पापही ज्याचे त्यानेच केलेले असते. प्राचीन ख्रिस्ती धर्मवेत्ता ऑगस्टीनने मांडलेले आदिपाप मात्र आदामापासून वारशाने येते, आणि टीका नेमकी त्या वारशावर असते.

'श्रद्धा' आणि 'विश्वास' यांपैकी मराठी ख्रिस्ती समाज 'विश्वास' वापरतो, तोच घ्यावा. 'श्रद्धा' म्हटले की आपल्याकडे लगेच 'अंधश्रद्धा' जोडीला येते आणि चर्चा भलतीकडे जाते.

'नास्तिक्य' हे संस्कृतातले भाववाचक रूप आहे आणि शुद्ध आहे, परंतु मोठ्याने वाचायच्या मजकुरात 'नास्तिकता' बरे.